विश्लेषण : जखमेची खबर देणारी पट्टी सातारा-सांगलीत पाय वाचवेल का?

जखम भरते आहे की आतून चिघळते आहे, हे पट्टी न सोडता मोबाइलवर कळवणारे सेन्सर आता प्रयोगशाळेतून रुग्णांपर्यंत पोहोचू लागले आहेत. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना त्यांचा मोठा आधार होऊ शकतो. मात्र सातारा आणि सांगलीसारख्या जिल्ह्यांत या तंत्राचे यश पट्टीच्या किमतीपेक्षाही एका साध्या प्रश्नावर ठरेल. पट्टीने इशारा दिल्यावर हालचाल करण्याची जबाबदारी कोणाची?

जखम ‘जुनाट’ कधी ठरते?

साधी जखम ठरावीक टप्प्यांनी भरते. आधी रक्त थांबते, मग सूज येते, पांढऱ्या पेशी जंतूंचा समाचार घेतात, नवे मांस भरू लागते आणि शेवटी वर कातडी येते. काही जखमा मात्र सुजेच्या टप्प्यावरच अडकतात. महिना उलटला तरी त्या भरत नाहीत, त्यांतून पाणी सुटत राहते, कडा जाड होतात, मध्येच वास येऊ लागतो. मधुमेहींच्या तळपायाची जखम, शिरांमध्ये रक्त साचल्याने घोट्याजवळ होणारा व्रण आणि अंथरुणाला खिळलेल्यांना होणारे बेडसोअर ही या जुनाट जखमांची नेहमीची रूपे.

यात सर्वाधिक चिंता असते ती मधुमेहींच्या पायाची. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेहींपैकी १९ ते ३४ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी पायाची जखम होते, असा आंतरराष्ट्रीय वैद्यकीय साहित्यातला अंदाज आहे.

रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायाच्या नसा निकामी होऊ लागतात. आधी मुंग्या येतात, मग आग होते आणि नंतर काहीच जाणवत नाही. तोडणीनंतर फडात राहिलेला उसाचा टोकदार बुडखा तळव्यात घुसला, चपलेचा खिळा वर आला किंवा तापलेल्या डांबरावर अनवाणी चालणे झाले, तरी दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो आणि चालत राहिल्याने जखम खोल जाते. अनेकदा फरशीवर उमटलेला रक्ताचा डाग पाहून घरातल्यांनाच ती आधी कळते. रात्रीच्या विजेवर उसाला पाणी पाजायला जाणारा शेतकरी, हंगामभर फडात राबणारा ऊसतोड मजूर, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करत माउलींच्या पालखीसोबत अनवाणी चालणारा वारकरी, या सगळ्यांचे जगणे पायावर उभे असते. असा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, तर त्या घराचे गणितच कोलमडते.

सेन्सर असलेली पट्टी नेमके काय मोजते?

मुख्यतः चार गोष्टी : तापमान, ओलावा, आम्लता आणि जखमेच्या स्रावातील काही रसायने. जंतुसंसर्ग वाढला की आसपासची त्वचा गरम होते. स्राव वाढला की ओलावा वाढतो. शरीराचा जंतूंशी झगडा सुरू असला की नायट्रिक ऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड अशा रसायनांचे प्रमाण बदलते. काही जंतू युरिक आम्ल खाऊन टाकतात, त्यामुळे त्याचे घटलेले प्रमाणही संसर्गाची खूण ठरते.

आम्लतेचे तत्त्व सांगलीकरांना तर रोजच्या व्यवहारातले आहे. हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लागला की डाग लाल होतो. हळदीवर चुन्याची क्रिया करून कुंकू बनते, तेही याच गुणामुळे. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या सांगलीच्या हळदीतही असलेले कर्क्युमिन आम्लात पिवळे आणि अल्कात लाल दिसते. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू साधारण ४ ते ६ असतो. न भरणाऱ्या जखमेचा सामू ७ च्या पुढे, कधी ९ पर्यंत जातो. सामूनुसार रंग बदलणारा ठिपका पट्टीत बसवला, तर जखम कोणत्या दिशेने चालली आहे याचा अंदाज पट्टी न उचलता येतो. याचा अर्थ घरी जखमेत हळद भरून परीक्षा पाहावी, असा मात्र मुळीच नाही. डब्यातली हळद निर्जंतुक नसते.

संशोधन कुठवर आले आहे?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने २०२२ मध्ये एका ‘स्मार्ट’ पट्टीची माहिती प्रसिद्ध केली. ती तापमान आणि त्वचेचा विद्युतरोध मोजते आणि गरज पडल्यास जखमेला सौम्य विद्युत उत्तेजन देते. उंदरांमध्ये जखम सुमारे २५ टक्के लवकर भरल्याचे दिसले. सिंगापूरच्या संशोधकांनी २०२३ मध्ये पाच पाकळ्यांच्या फुलासारखी, बॅटरी न लागणारी पट्टी मांडली. तिची प्रत्येक पाकळी तापमान, सामू, ओलावा, युरिक आम्ल आणि ट्रायमिथिलअमाइन यांपैकी एकेक गोष्ट रंगातून दाखवते आणि मोबाइलने फोटो काढला की निदान मिळते. प्राण्यांवरील प्रयोगांत भरणारी आणि न भरणारी जखम ओळखण्यात तिची अचूकता ९७ टक्के होती.

माणसांपर्यंत सर्वात पुढे गेलेल्या प्रयोगांपैकी एक कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा आहे. वेई गाओ यांच्या गटाने २०२५ मध्ये ‘आयकेअर्स’ या पट्टीचे निष्कर्ष जाहीर केले. मधुमेहामुळे किंवा मंद रक्ताभिसरणामुळे जखम न भरणाऱ्या २० रुग्णांवर तिची चाचणी झाली. ही पट्टी ताजा स्राव सूक्ष्म नळ्यांतून ओढून घेते, त्यातील रसायने मोजते आणि आकडे मोबाइलला पाठवते. रुग्णाला लक्षणे जाणवण्याच्या एक ते तीन दिवस आधी संसर्गाची चाहूल लागू शकते, असे संशोधकांचे म्हणणे आहे. स्रावाशी संबंध येणारा भाग एकदा वापरून टाकायचा, इलेक्ट्रॉनिक भाग पुन्हा वापरायचा, अशी तिची रचना आहे.

ही प्रगती खरी आहे. पण २० रुग्णांवरची चाचणी आणि जतच्या आरोग्य उपकेंद्रात मिळणारी पट्टी यांत मोठे अंतर आहे. शिवाय, या पट्टीने पाय कापण्याचे प्रमाण घटते का, हे सिद्ध होण्यासाठी मोठ्या आणि दीर्घ चाचण्या लागतील.

कुष्ठरोगाच्या कामाने कोणता धडा दिला?

बधिर पायाचे काय होते, हे मिरजेने नव्याने शिकण्याची गरज नाही. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये जिथे रुग्णालय सुरू केले, त्याच मिरजेत रिचर्डसन कुष्ठरुग्णालयही उभे राहिले. कुष्ठरोगातही नसा निकामी होतात. या रोगात हातापायाची बोटे आपोआप झडतात, असा समज फार काळ होता. तमिळनाडूत जन्मलेले आणि १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी तो खोडून काढला. वेदना नसल्याने रुग्णाला चटका, काटा, दाब कळत नाही आणि त्या न कळलेल्या इजांमुळेच बोटे जातात, हे त्यांनी दाखवून दिले. तळव्याच्या जखमेवरचा भार काढला, पाय प्लास्टरमध्ये ठेवला की जखम भरते, हेही या कामातून ठळक झाले. मधुमेहींच्या तळपायाच्या जखमेसाठी असे घट्ट बसणारे प्लास्टर आजही सर्वोत्तम उपायांत गणले जाते. बधिर पायांसाठीची मऊ, सूक्ष्म छिद्रांच्या रबराची ‘एमसीआर’ चप्पल राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमातून आजही दिली जाते.

ब्रँड पुढे १९६६ मध्ये अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले. तिथे त्यांनी सेन्सरयुक्त पट्टीचा जणू पूर्वजच करून पाहिला. हातमोज्यांत आणि पायताणांत दाब मोजणारे सेन्सर बसवले आणि दाब धोक्याच्या पलीकडे गेला की कानात आवाज होईल, अशी व्यवस्था केली. रुग्ण त्या आवाजाकडे दुर्लक्ष करू लागले. मग आवाजाऐवजी विजेचा झटका देऊन पाहिला. हातातले काम महत्त्वाचे वाटले की रुग्ण यंत्रच बंद करत. अखेर प्रयोग सोडून द्यावा लागला. खरी वेदना माणसाला थांबायला भाग पाडते, कृत्रिम इशारा बाजूला सारता येतो, हा त्याचा निष्कर्ष होता.

आजच्या मोबाइलवरच्या सूचनेला हाच धोका आहे. सेन्सर उत्तम असेल, आकडा अचूक असेल, पण फडातली खेप अर्धवट टाकून कोणी घरी बसेल का? त्या दिवसाची मजुरी कोण देईल? या प्रश्नांचे उत्तर पट्टीत नाही.

महागड्या पट्टीविना काय मोजता येते?

बरेच काही. पहिली मोजणी जखमेच्या आकाराची. मधुमेही पायाची जखम चार आठवड्यांत निम्म्याने लहान झाली नाही, तर नेहमीच्या उपचाराने ती बारा आठवड्यांत भरण्याची शक्यता कमी असते, हे अभ्यासांतून दिसले आहे. जखमेशेजारी फूटपट्टी ठेवून दर आठवड्याला काढलेला फोटो आणि लांबी-रुंदीचा गुणाकार एवढे त्यासाठी पुरते. ४ सेंटिमीटर लांब आणि ३ सेंटिमीटर रुंद, म्हणजे १२ चौरस सेंटिमीटरची जखम महिन्याने ६ च्या आसपास आली नसेल, तर त्याच मलमपट्टीवर आणखी महिना काढणे घातक आहे.

दुसरी मोजणी जखम होण्याआधीची, तापमानाची. दोन्ही तळव्यांच्या त्याच जागी रोज तापमान पाहायचे. एका पायाची जागा दुसऱ्यापेक्षा २.२ अंश सेल्सिअसने किंवा अधिक गरम असेल आणि हा फरक सलग दोन दिवस राहिला, तर चालणे कमी करून तपासणी करून घ्यायची. मधुमेही पायाविषयीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेही जास्त धोका असलेल्यांसाठी ही पद्धत सुचवतात. करोनाकाळात गावोगावी पोहोचलेल्या तापमापक बंदुका कपाळासाठी बनवलेल्या आहेत, त्यामुळे त्या पायासाठी वापरण्याआधी पडताळून घ्याव्या लागतील. पण साधन साध्या प्रकारचे आहे, हे महत्त्वाचे.

तिसरी तपासणी नायलॉनच्या धाग्याची. तळव्यावर टेकवला की १० ग्रॅम दाबाला वाकणारा हा धागा रुग्णाला जाणवला नाही, तर पाय धोक्यात आहे असे समजायचे. ही तपासणी करायला काही मिनिटे लागतात आणि वीजही लागत नाही.

इशारे खोटे निघाले तर?

निघतीलच. तापमान मोजणाऱ्या पायपुसण्यासारख्या चटईचा अमेरिकेत अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. २.२ अंशांच्या फरकावर इशारा ठेवला, तेव्हा ९७ टक्के जखमांची चाहूल सरासरी ३७ दिवस आधी लागली. मात्र खोट्या इशाऱ्यांचे प्रमाणही ५७ टक्के होते. महिनाभर आधी कळणे हा मोठा लाभ आहे. पण प्रत्येक इशाऱ्यामागे कोणीतरी घरी जाऊन पाय पाहायचा असतो. इशारे वाढले आणि माणसे तेवढीच राहिली, तर दोन महिन्यांत सगळेच इशाऱ्यांना सरावतील आणि खरा इशाराही त्याच ढिगात जाईल.

इथल्या हवेत, मातीत पट्टी टिकेल?

हाही प्रश्न आधीच विचारायला हवा. माण-खटाव, आटपाडी, जतचा उन्हाळा आणि पाटण-जावळी-महाबळेश्वरचा पावसाळा या दोन टोकांत एकच पट्टी चालली पाहिजे. घाम, चिखल, पाटाचे पाणी यांनी आकडे बिघडू शकतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णाकाठच्या लोकांचे पाय दिवसेंदिवस पाण्यात होते आणि रस्तेही बंद होते. अशा वेळी इशारा मिळूनही रुग्ण पोहोचणार कसा, हे आधी ठरलेले असावे लागते. रंग वाचणारी पट्टी ट्यूबलाइटच्या उजेडात आणि अंगणातल्या उन्हात, स्वस्त आणि महाग मोबाइलवर सारखेच उत्तर देते का, तेही तपासावे लागेल.

एका बाबतीत मात्र सेन्सरचे पारडे जड आहे. लालसरपणा ही संसर्गाची खूण सावळ्या त्वचेवर चटकन दिसत नाही. तापमानाला त्वचेच्या रंगाशी देणेघेणे नसते.

अडचण नेमकी कुठे आहे?

साखळीच्या मधल्या कड्यांत. गावात आशा आहेत, उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, वर प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, साताऱ्याचे जिल्हा रुग्णालय, सांगलीचे वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचे १९६२ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तीस वर्षांवरील व्यक्तींचा जो तपासणी अर्ज आशा भरतात, त्यात तळहात-तळपायाला वारंवार मुंग्या येतात का, तिथे वारंवार जखम होते का, असे प्रश्नही आहेत. ते कुष्ठरोग शोधण्यासाठी आहेत. पण ‘हो’ असे उत्तर देणारी व्यक्ती मधुमेही असेल, तर तिच्या पायाची तपासणी किती दिवसांत झाली पाहिजे, हा नियम तितकाच महत्त्वाचा आहे.

त्यातच अंतर आडवे येते. जतहून मिरज ८० किलोमीटरच्या आसपास आहे आणि पूर्व भागातल्या गावांना त्याहून लांब पडते. एका ड्रेसिंगसाठी रुग्णाचा आणि सोबत जाणाऱ्याचा दिवस जातो. म्हणून ‘जरा बघू’ म्हणत आठवडे निघून जातात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा भर रुग्णालयात दाखल करून करायच्या उपचारांवर आहे. रोजची मलमपट्टी, प्रवास, बुडालेली मजुरी आणि मऊ चप्पल यांचा भार बहुतेक वेळा घरावरच पडतो. पाय कापण्याला मदत मिळते आणि तो वाचवण्याचा खर्च खिशातून करावा लागतो, ही उलटी गंगा आहे. ऊसतोड मजुरांचे तर गावच हंगामानुसार बदलते. एका तालुक्यात सुरू झालेली मलमपट्टी दुसऱ्या तालुक्यात कोणाच्या वहीत नसते.

मग करावे काय?

स्मार्ट पट्टीला विरोध करण्याचे कारण नाही. तिच्या स्वागताची तयारी मात्र आतापासून आणि उलट्या टोकाकडून करायला हवी. आधी इशाऱ्याला उत्तर देणारी माणसे, मग इशारा देणारे यंत्र.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत त्याची सुरुवात करता येण्यासारखी आहे. प्रत्येक मधुमेहीचा पाय वर्षातून एकदा तरी धाग्याने तपासावा. बधिर पाय आढळलेल्यांची वेगळी यादी करून त्यांना तापमान मोजायला शिकवावे. कुष्ठरुग्णांना मिळते तशी मऊ चप्पल बधिर पायाच्या मधुमेहींनाही सरकारी यंत्रणेतून मिळावी. जखम असेल तर फूटपट्टीसह आठवड्याचा फोटो उपकेंद्रातून वरच्या रुग्णालयाला जावा आणि चार आठवड्यांत जखम निम्मी झाली नाही, तर तज्ज्ञाकडे पाठवणे बंधनकारक असावे. पाय काळा पडला, ताप आला, दुर्गंधी सुटली किंवा लाली वर सरकू लागली, तर चार आठवडे सोडाच, एक दिवसही थांबू नये. आशांना या कामाचा वेगळा मोबदला मिळावा, कारण फुकटच्या कामावर उभी केलेली व्यवस्था पहिल्या पावसाळ्यात बसते. आणि स्थलांतरित मजुराच्या जखमेची नोंद त्याच्या आरोग्य खात्याच्या क्रमांकासोबत पुढच्या जिल्ह्यात जावी. अर्थात त्याच्या संमतीने, कारण जखमेचा फोटो हीदेखील खासगी माहिती आहे.

ही घडी बसल्यावर सेन्सरयुक्त पट्टी आणली, तर ती खरोखर उपयोगी पडेल. तिची परीक्षाही योग्य निकषावर घ्यावी. किती पट्ट्या वाटल्या, किती ॲप उतरवली गेली, हे आकडे दिखाऊ आहेत. पहिला इशारा आणि पहिला उपचार यांत किती दिवस गेले आणि वर्षाअखेर किती जणांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, हे दोन आकडे जाहीर व्हावेत. ते खाली आले, तर पट्टीची किंमत वसूल झाली असे म्हणता येईल.

वेदना बोलायची थांबली की पाय जातो, हे कुष्ठरोगाच्या कामाने दाखवून दिले. तिची जागा आता यंत्र घेऊ पाहत आहे. यंत्र बोलेलही. पण त्याचे ऐकून दारात येणारे माणूस नसेल, तर जखम आधीसारखीच चिघळत राहील, फक्त तिचा आलेख मोबाइलवर दिसेल.